पाताळनगरीतली शेवटची भिंत

समरजितनं पांढऱ्या डिस्टेंपरची बादली हंबीररावांच्या पायाशी आणून आदळली. चार थेंब त्यांच्या चपलेवर उडाले.

"काका, हे सगळं पुसा. उद्या गणपती बसायचाय."

हंबीररावांनी चपलेकडं पाहिलं, मग बादलीकडं, आणि भिंतीवरच्या हत्तीच्या नखाला शेवटचा फटकारा मारून घेतला.

लग्नाच्या वाडीचं, म्हणजे गल्लीतल्या मंगल कार्यालयाचं, तळघर मंडळानं यंदा पाताळनगरी केलं होतं. गोणपाटाच्या गुहा, प्लास्टरच्या कमानी, जमिनीलगत निळे बल्ब. वाकड्यातिकड्या बोळातून नगरीचा इतिहास बघत बघत लोकांनी बाप्पापुढं यायचं, अशी योजना. नगरी खोटी, इतिहासही खोटा, पण भिंती खऱ्या होत्या आणि अख्ख्या गल्लीत भिंत रंगवू शकणारा माणूस एकच. वाघोडियाच्या एका कारखान्यात हंबीररावांनी तेहतीस वर्षं धोक्याच्या पाट्या रंगवल्या होत्या. घसरणारा माणूस, जळणारा माणूस, तारेला चिकटलेला माणूस. साहेबांची अट एकच, चेहरा काढायचा नाही. चेहरा काढला की तो कुणाचा तरी होतो आणि मग कुणाचा तरी बाप विचारायला येतो.

समरजित मंडळाचा अध्यक्ष. त्यानं गौरवशाली इतिहास मागितला होता. हंबीररावांनी काढला, त्यांच्या हाताला जसा येत होता तसा. विजयाच्या मिरवणुकीत राजा अंबारीत, पाठमोरा, करंगळीएवढा. खाली हत्तीचा उचललेला पाय आणि त्या पायाखाली भालदार. तोफेजवळ पेटलेला गोलंदाज. तटावरून निसटलेला दगड आणि वर बघणारा गवंडी. ह्या खेपेला पडणाऱ्या-जळणाऱ्यांत एकही बिनचेहऱ्याचा नव्हता. भालदार म्हणजे समोरच्या घरातले गणपतराव. सकाळी मेथीची जुडी घेऊन जाणारा माणूस दुपारी निळ्या उजेडात हत्तीखाली तोंड वासून पडलेला दिसला, की कुणीही दोन पावलं मागं सरकेल.

"ह्यात विजय कुठंय?" समरजितनं विचारलं.

"वर. हत्तीवर."

"आणि खाली?"

"खाली आपण."

हंबीररावांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. लहानपणी ते लढायांच्या चित्रांत पणजोबांना शोधत. सापडायचे नुसते भाले. शंभर भाले आणि एक मिशी, तीही राजाची. हा राग त्यांना साठ वर्षं पुरला होता.

पोरं घाबरतील, बाया अर्ध्यातून परत जातील, बाकीची मंडळं आपल्याला हसतील, असं समरजित सांगत होता, तेवढ्यात हंबीररावांच्या कौशल्याबाई नवऱ्याचा डबा घेऊन जिना उतरल्या. मागोमाग निम्मी गल्ली. आपापले चेहरे बघायला लोकांना उद्यापर्यंत दम कुठला निघतोय.

गणपतराव हत्तीसमोर उभे राहिले. गणपतरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मिशी बरोबर आलीय," ते म्हणाले, आणि सावली गावी दिलेल्या पोरीला व्हिडिओ कॉल लावून बसले. तिला चार वेळा हत्तीचा पाय दाखवला. शेजारच्या चित्रात नयनाबेन कोठाराच्या पायऱ्यांवरून घागरीसकट घसरत होत्या. पडण्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

"पण हंबीरभाई, साडी पिवळी केम केली? मारी तो हिरवी होती ने."

कौशल्याबाईंनी विचारलं, मी कुठं. हंबीररावांनी बोट दाखवलं. राजाच्या मुदपाकखान्यात, उकळत्या कढईपाशी.

"म्हणजे घरीच," कौशल्याबाई म्हणाल्या, आणि तळघर हसण्यानं भरून गेलं. कुणी पेटलेल्या गोलंदाजासारखे हात पसरून फोटो काढून घेतले, कुणी दगडाखाली मान तिरपी केली.

समरजित हसला नाही. ही घरची माणसं झाली, म्हणाला, बाहेरच्यांनी काय बघायचं. त्यानं बादली उचलली आणि बोळाच्या टोकाला गेला, बाप्पासमोरच्या शेवटच्या भिंतीपासून सुरुवात करायला.

हंबीरराव मागून धावले. सदुसष्टाव्या वर्षी माणूस धावतो ते उगाच नाही.

"ती नको, समर. बाकी सगळ्या पूस."

शेवटच्या भिंतीवर नगरीची वेस होती. वेशीला टेकलेली उंच शिडी, आणि शिडीवर पानानं ओठ लाल झालेला एक माणूस कमानीवर सूर्य रंगवत खदखदून हसत होता. समरजितचा हात बादलीच्या कडीवर तसाच राहिला. ते त्याचे वडील होते, जयवंतराव. कारखान्यात हंबीररावांचे जोडीदार. शिडी सरकली आणि कंबर मोडली; त्यानंतर एकोणीस वर्षं नाक्यावरच्या टपरीत पानाच्या गल्ल्यावर बसून काढली, आणि रोज संध्याकाळी हंबीररावांना हाक मारून पान दिलं. विचारलं कधीच काही नाही.

चित्रातली शिडी खाली एकजण दोन्ही हातांनी धरून होता. त्याला चेहरा नव्हता.

"हा कोण?"

"राहिलाय तो."

"तुम्ही तर कुणालाच सोडलं नाही."

हंबीररावांनी कोरडा ब्रश लेंग्याला पुसला.

"त्या दिवशी शिडी मी धरायची होती. मी सेवउसळ खायला गेलो होतो. शिडीपाशी कुणीच नव्हतं, समर. आता चेहरा कुणाचा काढू?"

"आबांना माहीत होतं?"

"मी परत आलो तेव्हा माझ्या बोटांना रस्सा होता."

मागं कुणीतरी अजून हत्तीला हसत होतं. समरजित वडिलांकडं बघत राहिला. मग त्यानं बादली कोपऱ्यात सरकवली.

"आबांचा वरचा एक दात सोन्याचा होता," तो म्हणाला. "तुम्ही पांढरा काढलाय."

हंबीररावांनी डोळे बारीक करून वर पाहिलं. खरंच की. पण तिथवर हात पोचणार नव्हता. समरजितनं कमानीमागची बांबूची शिडी ओढून आणली आणि भिंतीला टेकवली.

हंबीररावांनी पिवळ्याचा डबा घेतला, बारीक ब्रश दातांत धरला आणि पाय टाकला. कौशल्याबाई मागून ओरडल्या, ह्या वयात पडलात म्हणजे. शिडी हलली नाही. दाताला रंग लावून झाल्यावर त्यांनी खाली पाहिलं. समरजितनं शिडी दोन्ही हातांनी आवळली होती, एक पाय खालच्या पायरीवर दाबला होता आणि मान वर करून तो त्यांच्याकडंच बघत होता.

हंबीरराव त्याच्याकडं जरा वेळ बघत राहिले, धंद्याच्या नजरेनं.

"मान अशीच ठेव," ते म्हणाले. "हलू नकोस."