गांध मोजणारी पट्टी

मी एक जुनी, आरपार दिसणारी पट्टी आहे. मित्रांनो, वहीत रेघा मारायचं सुख माझ्या नशिबी नव्हतं. कारखान्यातून निघाले ती थेट अ‍ॅलर्जीच्या दवाखान्यात, तपासणीच्या ताईंच्या खिशात. ताई हातावर धूळ, मांजर अशा निरनिराळ्या गोष्टींच्या अर्काचे थेंब टाकून सुईने हलकेच टोचतात. ज्याचं वावडं असेल त्या थेंबाखाली गांध उठते. ती मी मोजते. लोक मात्र मोजण्याआधीच निकाल लावून येतात, याची मला भारी चीड!

एकदा एक मुलगी आत्याबरोबर आली. रोज सकाळी शिंका आणि खाज.

"मांजराचंच काम!" आत्याने दारातच जाहीर केलं. "एकदा कळू दे, उद्याच सोडून येते लांब."

मुलीने डोळे घट्ट मिटून हात पुढे केला.

थोड्या वेळाने ताईंनी मला हातावर धरलं. मोजायला काहीच नव्हतं!

"आत्या, माझा बोक्या सुटला!" मुलगी खुर्चीतच उडाली.

ताईंचा चेहरा मात्र पडला. शेवटचा थेंब हिस्टामिनचा होता. आपलं शरीर खाज उठवतं ते याच्याच जोरावर. त्याने कुणाच्याही हातावर गांध उठायलाच हवी. तिथेही सपाट!

"खाजेची गोळी दिलीत का हिला?"

"सकाळी दिली एक. चारचौघांत पोर खाजवत बसली तर बरं दिसतं का?"

"बंद ठेवा म्हणून सांगितलं होतं ना! गोळीने सगळंच दाबलं. आजची तपासणी वाया."

बरं दिसायला हवं म्हणे! या हौसेपायी किती दुखणी झाकून ठेवतात माणसं!

आठवडाभर गोळीविना काढून मुलगी परत आली. या वेळी हिस्टामिनची गांध टच्च फुगली. मांजराच्या जागी काही नाही. आणि गादीच्या धुळीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा थेंब होता तिथे? ही भलीमोठी गांध!

"कुठे झोपतेस गं?"

"आत्याच्या जुन्या गादीवर. तिने लाडाने दिलीय मला."

आत्याने पिशवी उचलली. मग उठत म्हणाली, "चल घरी. गादी बाहेर काढायची, तर आधी तुझ्या त्या बोक्या महाराजांना तिच्यावरून उठवावं लागेल."

माझे आकडे आता पुसट झालेत. नवी पट्टी आलीय, तरी ताईंचा हात माझ्याकडेच वळतो. मी सुखात आहे. मित्रांनो, काम झालं की मला पुसून जागेवर ठेवा. आणि मोजल्याशिवाय कुणाला घराबाहेर काढू नका. मांजरालासुद्धा नाही.