सखूची जट

या वर्षी मला हेल्थ मॉनिटरचा बिल्ला मिळाला आणि मी सुटलेच! आठवीपर्यंत वर्गात उभं राहून उत्तर द्यायचं तरी घाम फुटायचा. आता नववीत मी पोरांना रांगेत उभं करते, नखं बघते, वर दमही देते. आमच्या शाळेच्या नव्या नर्स, वैजयंती सिस्टर, नेमक्या उलट्या. साधं आयोडीन लावायचं तरी तीनदा विचारणार.

तपासणीला तिसरीतली सखू आली. साताऱ्याकडची, वडील कोंडिबाकाका मार्केटात माथाडी, घर तुर्भ्याच्या वस्तीत. तिच्या मानेवर केसांची जट लोंबत होती, दोरखंडासारखी. देवीची म्हणून वरून हळद लावलेली. आणि खाली उवा, चिघळलेली जखम.

"कापावी लागेल," सिस्टर म्हणाल्या. "पण आधी आईला बोलावूया."

"कशाला? त्या नाहीच म्हणणार. अंधश्रद्धा नुसती! कापा हो सिस्टर, टेन्शन नका घेऊ."

सिस्टर घुटमळल्या. मग त्यांनी कात्री घेतली. जट केराच्या डब्यात पडली. सखू रडली नाही, नुसती मानेवरून हात फिरवत राहिली.

"बघ, किती हलकं वाटतंय!" मीच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून सखू शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी सिस्टर मला घेऊन तिच्या घरी गेल्या. ट्रकांच्या रांगेमागे पत्र्याची खोली. दारात बोचकी बांधलेली. जाताना मी अख्खं भाषण पाठ केलं होतं, उवा, जंतू, विज्ञान वगैरे.

सखूची आई, प्रेमलामावशी, भांडलीच नाही. तिनं चटई टाकली.

"बाई, मलाबी ती जट नकोच हुती. डोक्याला वास मारायचा लेकराच्या. येत्या पुनवंला गावी जाऊन, देवीची वटी भरून उतरवनार हुतो. नारळबी आनून ठेवलाय. आता ती जट तेवढी द्या. देवीच्या पायाशी ठिवतो. सासू म्हनती, त्याबिगर पोरगी धड ऱ्हायची न्हाई."



"ती कचऱ्याच्या गाडीत गेली, ताई," सिस्टर म्हणाल्या. "चूक माझी. कात्री माझ्या हातात होती."

"मावशी, मीच म्हणाले होते, कापा म्हणून..."

"तू लेकरू हाईस गं. पर येक डाव इचारायचं तरी."

सखू बोचक्याला टेकून बसली होती. जट नाही म्हटल्यावर तिला आता गावी आजीकडंच ठेवणार होते, देवीच्या सेवेला.

"आणि शाळा?" सिस्टरनी विचारलं.

मावशीनं नकारार्थी मान हलवली.

मंगळवारी कोंडिबाकाका दाखला न्यायला आले. मी ऑफिसच्या दारात उभी होते. क्लार्कनं कारण लिहिलं, 'गावी स्थलांतर'. काकांनी कागद घडी करून खिशात घातला आणि हळूच मला विचारलं, "पोरी, त्या जखमंचं मलम मिळंल का गं सिस्टरांकडं? गावाकडं दवाखाना लांब हाय."

मी पळत जाऊन दोन ट्यूब आणल्या. किती वेळा लावायचं, तेवढंच सांगितलं.