घड्याळजींच्या ग्लासात काय होतं

मला हातात घेतलंत, मित्रांनो, की तुम्ही आधी मला उलटंपालटं करून बघाल. सगळेच बघतात. मी एक मापाचा पेला आहे, जुना, पितळेचा. कंबरेत बारीक आणि दोन्हीकडे तोंड. एका अंगाला पूर्ण माप, दुसऱ्या अंगाला निम्मं. दुतोंडी म्हटलं की माणसांत भांडणं लागतात, आमच्या जातीत मात्र तो गुण समजतात.

मला घडवणारा कारागीर कानाने अधू होता. ठोकाठोकी करून करूनच झाला असेल बिचारा. माझ्या दोन वाट्या जोडून झाल्यावर त्याने एका वाटीत पाणी भरलं आणि कितीतरी वेळ नुसता बघत बसला. मला वाटलं, याला झोप लागली की काय! पण मग तो स्वतःशीच म्हणाला, "बरोबर आहे." ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. त्या पाण्यात छताचा झरोका दिसत होता, तो अजून आठवतो.

तिथून मी बोटीच्या धक्क्यासमोरच्या एका लहान हॉटेलात आलो. काउंटरच्या मागे बाटल्यांचं फडताळ आणि बाजूला खिडकी. दुपार कलली की ऊन त्या बाटल्यांमधून गाळून माझ्या अंगावर पडायचं. रमचं तपकिरी, व्हिस्कीचं मधाच्या रंगाचं, जिनचं नुसतंच पांढरं. दूर कुठेतरी बोटीचा भोंगा वाजायचा आणि मला वाटायचं, हे सगळं हॉटेलच पाण्यावर चाललंय, हळूहळू, कुठे जायची घाई नसल्यासारखं. कामाची वेळ होईपर्यंत मी असाच पडून राहायचो. सुख म्हणतात ते हेच असावं.

काउंटर सांभाळायचे मास्तर. शाळेतले नव्हेत, पण गिऱ्हाईक त्यांना त्याच नावाने हाक मारायचं. "मास्तर, आज जिंजर एलमध्ये काय घालून देताय?" असं कुणी विचारलं की मास्तर लगेच उत्तर द्यायचे नाहीत. आधी माणसाचा चेहरा बघायचे. थंडीने काकडून आलेल्याला रम. गप्पा मारायला आलेल्याला व्हिस्की. ज्याला कुणी काही विचारू नये असं वाटतंय, त्याला जिन. ते म्हणायचे, "जिंजर एल म्हणजे आल्याचा सोडा, आणि आलं मोठं भांडखोर. त्याच्याशी कुणाचं जमेल ते बघूनच जोडी लावावी." मग मला काठोकाठ भरायचे, एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही. माझी छाती अशी फुगायची म्हणून सांगू!

रोज पाच वाजता पाच मित्र येऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसत. त्यांतले एक घड्याळजी. धक्क्याकडच्या गल्लीत त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. एके दिवशी ते एकटेच लवकर आले आणि मास्तरांना म्हणाले, "डॉक्टरांनी दारू बंद केलीय. आजपासून मला नुसतं आल्याचं पाणी द्यायचं. पण या चौघांना कळता कामा नये."

"का हो?"

"कळलं की माझ्यासमोर प्यायला संकोचतील. मग उद्या एक येणार नाही, परवा दुसरा. बैठकच मोडेल. कुणालाही सांगायचं नाही, मास्तर. शब्द द्या."

मास्तरांनी शब्द दिला. त्या दिवसापासून रोज घड्याळजींच्या ग्लासात जिंजर एल ओतायचं आणि वर मला आणून कलंडवायचं. रिकामा! लांबून बघणाऱ्याला वाटावं, पडली व्हिस्की. मला अस्सा राग यायचा. मापाला रिकामं उलटं करायचं म्हणजे काय चेष्टा आहे? सहा वर्षं मी तो अपमान गिळला. मग एका पावसाळ्यात घड्याळजी गेले. पुढे बाटल्यांच्या तोंडाला आपोआप मोजून ओतणाऱ्या तोट्या आल्या आणि माझी रवानगी खणात झाली, बूच काढायच्या स्क्रूच्या शेजारी. अंधारात मी उन्हाची स्वप्नं बघत पडलो. कुणी हाकही मारली नाही.

एका दुपारी चार वाजता मास्तरांनी स्क्रू काढायला खण उघडला. बाहेर घड्याळजींची बायको उभी होती.

"ओळखलंत का, मास्तर?"

"वहिनी! बसा ना."

त्या बसल्या. पदराने कपाळ पुसलं. "हे रोज इथे जिंजर एलमध्ये काय घालायचे, ते मला द्या."

मास्तरांचा हात माझ्यावरच थबकला.

"सहा वर्षं मी ह्यांना नाही नाही ते बोलले," वहिनी सांगू लागल्या. "घरी आले की तोंडाला आल्याचा वास. म्हणायचे, अगं, सोडली मी, नुसतं आल्याचं पाणी पितो. खोटं वाटतं तर ये एकदा, घोट घेऊन बघ. मी कशाला येतेय! दारूचा वास मारायला आलं घालतात, एवढं कळत नाही का मला? मी ताट वाढायचे आणि आत निघून जायचे. सहा वर्षं एकत्र जेवलो नाही. तरी हा माणूस रोज इथे यायचाच. एवढं काय गोड होतं त्यात, ते मला एकदा चाखायचंय."

मास्तरांची पंचाईत झाली. खरं सांगावं, तर वहिनींच्या जिव्हारी लागणार. खोटं सांगावं, तर घड्याळजी कायमचे खोटे ठरणार. आणि दिलेला शब्द होताच. ते खालच्या आवाजात म्हणाले, "व्हिस्की घ्यायचे."

माझ्या लहान तोंडाने त्यांनी व्हिस्की मोजली. किती दिवसांनी ओला झालो मी! पण आनंद कसला वाटतोय. वहिनींनी घोट घेतला आणि डोळे मिटले. "अगं बाई, हे तर जळक्या लाकडासारखं लागतंय. हे नाही."

"मग रम असेल."

"काकवीसारखी आहे. ह्यांच्या तोंडाला असा वास नव्हता."

जिनचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "हा तर अंगाचा साबण!" ब्रँडीला म्हणाल्या, "खोकल्याचं औषध." व्होडकाला काहीच वास नव्हता, मला वाटलं आता सुटलो. पण वहिनींनी मान हलवली. "घशात चटका बसतो. मास्तर, तुम्ही मला फिरवताय. सहा वर्षं रोज तो वास घेतलाय मी. मला चुकायचा नाही."

ग्लासांच्या रांगेवर ऊन पडलं होतं, तांबूस, पिवळं, पांढरं. मास्तरांनी ते ग्लास बाजूला सारले. मग त्यांनी मला धुतलं, पुसून कोरडं केलं. नव्या ग्लासात जिंजर एल ओतलं आणि मला त्यावर कलंडवलं. रिकामा.

वहिनींनी ते बघितलं. ग्लास उचलून नाकाशी नेला आणि तिथेच थांबल्या. मग एक घोट घेतला. मग दुसरा.

"हेच," त्या म्हणाल्या. "किती दिवस?"

"पहिल्या दिवसापासून. सहाही वर्षं. मित्रांना कळू द्यायचं नव्हतं त्यांना."

वहिनी रडल्या. आवाज न करता, ग्लास दोन्ही हातांत धरून. मला त्या सगळ्या रिकाम्या संध्याकाळींचा राग होता ना? तो तिथल्या तिथे गेला. एवढं खरं माप मी जन्मात दुसरं मोजलं नव्हतं.

पाच वाजले. चौघे मित्र आत आले आणि दारातच थबकले. "अरे, वहिनी! तुम्ही? आणि ग्लासात काय घेतलंत?"

वहिनींनी मास्तरांकडे बघितलं. मास्तर मला उगाचच पुन्हा पुन्हा पुसत होते.

"हे घ्यायचे तेच," वहिनी म्हणाल्या.

"झेपतंय का पण?"

"झेपवतेय."

एकाने घड्याळजींची खुर्ची ओढून दिली. वहिनी बसल्या.

मित्रांनो, मला घासूनपुसून उन्हात ठेवलंत तर बरं वाटेल, नाही कसं म्हणू? पण माझं मागणं वेगळं आहे. घरातलं कुणी ग्लास पुढे करून म्हणत असेल, यात काही नाही, घोट घेऊन बघ, तर तेव्हाच घ्या. वहिनींनी घेतला तेव्हा घड्याळजी नव्हते, ग्लास मास्तरांनी पुढे केला होता.