पुकारा त्यांच्या नावाचा

“तुमच्या नावाचा पुकारा होणार नाही. अपील त्यांचं, म्हणजे नाव त्यांचंच घेणार. तुम्ही आधीच आत जाऊन बसा,” वकीलबाईंनी फोनवर बजावलं होतं. पिल्लूला मांडीवर थोपटत मी म्हटलं, “हो हो, ताई. आम्ही काय कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढतोय?” आणि फोन ठेवला. दादाला सांगायचंही माझ्या डोक्यात आलं नाही.

दादा, माझा थोरला भाऊ, वायरिंगची कामं करतो. एका बड्या घरात त्याला मागच्या दारानं आत घेतलं होतं. काम संपवून तो पुढच्या दारानं बाहेर पडला. एवढंच. त्या घरातल्या दोघा भावांनी भर रस्त्यात, जात काढून काढून, त्याला बडवलं. हात मोडला. त्यांचा भाचा बाजूला उभा राहून हसत होता. तेव्हापासून दादा कुणाच्याही दारात थांबतो, ‘ये’ म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकत नाही. माझ्याकडेसुद्धा. “तुला काय आमंत्रणपत्रिका छापू?” मी विचारते. तो हसतो, आणि थांबतोच.

खालच्या कोर्टानं तिघांना जामीन नाकारला होता, म्हणून ते वर अपिलात गेले. सुटले असते तर पुन्हा तोच रस्ता, त्याच रस्त्यानं दादाचं काम आणि त्याच्या मुलीची शाळा. जातीवरून अत्याचाराच्या अशा खटल्यात मार खाल्लेल्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय जामिनाचा निकाल देता येत नाही. पण ऐकायचं तर माणूस समोर हवा.

त्या दिवशी वकीलबाई दुसऱ्या दालनात अडकल्या होत्या. पिल्लूनं दूध ओकलं म्हणून मी नळावर गेले. परत येते तर दादा दाराबाहेर भिंतीला चिकटून उभा.

“पुकारा झाला?”

“त्यांचा झाला. माझा व्हायचाय.”

आतून त्यांच्या वकिलांचा आवाज येत होता. “गाडी लावण्यावरून झालेली बाचाबाची, साहेब. जातीचा संबंधच नाही. फिर्यादीला कळवलंय, तरी ते फिरकले नाहीत. यातच काय ते आलं.” सरकारी वकील कागद चाळत होते. त्यांनी दादाला कधी पाहिलंच नव्हतं.

“आलाय! हा काय, दारातच उभाय!” मी ओरडले. पिल्लूनं भोकाड पसरलं. शिपाई धावला, “अहो बाई, बाजार आहे का हा?”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “बाळाला बाहेर शांत करा. आणि तुम्ही आत या. बाहेर का उभे?”

“बोलावलं नव्हतं, साहेब,” दादा म्हणाला.

कुणीतरी बाकावर सरकून जागा केली. वकीलबाई येईपर्यंत प्रकरण बाजूला ठेवलं गेलं. त्या धापा टाकत आल्या आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पिल्लूच्या टोपड्यात तोंड लपवलं.

दाराशी उभी राहून मी न्यायाधीशांचा एकेक प्रश्न ऐकत होते. दादाची जात त्या घरात आधीपासून ठाऊक होती का? शिव्या घरात दिल्या की चारचौघांत? कुणी ऐकल्या?

“रस्त्यावर, साहेब. कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या मावशींच्या दारात. मशीन थांबवून ऐकलं त्यांनी. पोलिसांना तसं सांगितलंय.”

“हे बाहेर आले तर भीती कशाची वाटते?”

“माझं झालं ते झालं. मावशी एकट्या राहतात. परवा ह्यांचे काका विजार आखूड करायला आले होते. म्हणाले, ‘मावशी, ह्या वयात डोळे चालतात का हो? आणि कान?’ विजार न्यायला अजून आले नाहीत.”

दोघा भावांचं अपील फेटाळलं. भाच्यानं हात उचलल्याचं कुणीच सांगितलं नव्हतं. त्याला जामीन मिळाला, तोही अटींवर. आमच्या वस्तीत पाय ठेवायचा नाही, साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही, नाहीतर पुन्हा आत. त्याची आई व्हरांड्यात रुमालात तोंड खुपसून रडत होती. तिचंही वाईट वाटलं. मीही आईच ना.

“जामीन म्हणजे निर्दोष नव्हे,” वकीलबाई मला म्हणाल्या. “खटला अजून उभा राहायचाय. तो मावशींच्या शब्दावर उभा राहणार.”

अट भाच्याला होती, काकांना नव्हती. ते मावशींकडे बटण लावून घ्यायला येत राहिले. पोलिसांना सांगितलं, तर “बटण लावून घेणं गुन्हा आहे का?” वकीलबाईंनी मावशींना संरक्षण मिळावं म्हणून अर्ज केला. त्याचा निकाल लागण्याआधीच मावशींनी मशीन बांधलं आणि लेकीकडे निघून गेल्या. “तारखेला येईन गं,” एवढंच म्हणाल्या. लेक कुठे राहते ते आम्हालाही सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

पण तुमच्या गल्लीत हल्ली एखादी म्हातारी शिवणाला बसली असेल, दाराशी पावलं वाजली की मशीन थांबवत असेल, तर काहीतरी उसवलेलं घेऊन जा तिच्याकडे. नाव-गाव विचारू नका. फक्त बरी आहे ना, जेवतेय ना, रात्री कडी लावते ना, एवढं बघून या.