दुसरा ब्रेक

बाबा पहिल्या दिवशी कुणालाच गाडी चालवायला शिकवत नसत. बंद पाडायला शिकवत. बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानात नेऊन ते नवशिक्याला सांगायचे, "क्लच झटकन सोड. बसू दे गचका. बंद पडली? छान. आता चालू कर." तासभर हेच. लोक वैतागायचे. "मास्तर, आम्ही चालवायला शिकायला आलोय," म्हणायचे. बाबा म्हणायचे, "चालवायचं काय, ते येईलच. भर चौकात बंद पडली की माणसाचे हातपाय गळतात, त्याचं आधी बघू."

शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो. विद्यार्थी तयार झाला असं वाटलं की बाबा चालत्या गाडीत चपला काढायचे आणि सीटवर मांडी घालून बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. विद्यार्थ्याने तिरक्या नजरेने बघावं आणि समजून घ्यावं, की आता त्या दुसऱ्या ब्रेकवर कुणाचा पाय नाही.

थंडीच्या शेवटी बाबा गेले. ग्रंथालयातून रजा घेऊन मी आले ती राहिलेच. गाडी दारात उभी होती. तिच्यावर धूळ साचत होती, आणि ती कुणी पुसतही नव्हतं.

घरात आणखी एक जण तशीच उभी होती. माझ्या भावाची मुलगी. जन्मली तेव्हा तिचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, म्हणून बाबांनी तिचं नाव 'हॉर्न' ठेवलं होतं. दादा-वहिनी दोघंही नोकरीवर, त्यामुळे ही पोरगी शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर बसूनच मोठी झाली. आजोबांची सगळी वाक्यं तिला पाठ.

हायस्कूलच्या पहिल्याच सहामाहीत ती वर्गासमोर बोलायला उभी राहिली आणि अर्ध्या वाक्यात अडकली. शांतता पसरली. मागच्या बाकावरून कुणीतरी चालू न होणाऱ्या गाडीचा आवाज काढला. खर्र, खर्र, फुस्स. आजोबांची गाडी सगळ्यांनी बघितलेली होती. वर्ग हसला. मग ती तोंड उघडेल तिथे तोच आवाज. हजेरीलासुद्धा. पुढे तिचं पोट दुखायला लागलं, मग डोकं, आणि आजोबा गेल्यावर ती शाळेत गेलीच नाही. लेखी परीक्षा तेवढ्या तिने जाऊन कशाबशा दिल्या. तोंडी परीक्षेला गेली नाही. शाळेने एक संधी ठेवली होती: नवं वर्ष सुरू होण्याआधी तीन शिक्षकांसमोर तोंडी परीक्षा द्यायची. नाही दिली, तर त्याच वर्गात पुन्हा वर्षभर.

"मी देणार नाही," एवढंच ती म्हणायची. दादाने समजावलं, वहिनी रडली. मी दोन-तीन चांगली पुस्तकं तिच्या उशाशी ठेवली. ती तशीच राहिली.

एका सकाळी दादा म्हणाला, "अगं, गाडी जरा फिरवून आण. बॅटरी उतरेल. माझ्याच्याने तिच्यात बसवत नाही अजून."

लायसन्स माझ्याकडे होतं, बाबांनीच काढायला लावलेलं. पण त्यानंतर मी कायम बसने फिरले. मी म्हटलं, "मला तरी कुठे बसवतंय?" तरी किल्ली घेतली. जाताना भाचीला म्हटलं, "चल माझ्याबरोबर, नुसती बस." ती आली आणि सवयीने मागे बसली.

पहिल्या वळणापर्यंत मी गाडी कशी नेली, मला माहीत नाही.

"आत्या, गिअर," मागून आवाज आला.

"काय?"

"दुसरा टाक. ती ओरडतेय केव्हाची."

मी दुसरा टाकला. गाडी निवली. मी म्हटलं, "तू पुढे येऊन बस बघू. मागून सूचना करणारे मला आवडत नाहीत."

ती पुढे आली, बाबांच्या जागी. पाय आपोआप दुसऱ्या ब्रेकवर गेला. मैदानात पोचेपर्यंत तिने तो इतक्या वेळा दाबला, की माझं कपाळ दोनदा काचेला लागता लागता राहिलं.

"अगं, काय मारतेस की काय मला?"

"तू खड्डा बघितलाच नाहीस."

"बघितला होता."

"मग त्यात कशाला चालली होतीस?"

मैदानात मी क्लच सोडला आणि गाडी गचका खाऊन बंद पडली. किल्ली फिरवली. खर्र, खर्र, फुस्स.

माझ्या हातून किल्ली सुटली. शेजारी बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी काही बोलणार, तेवढ्यात ती समोर बघत म्हणाली, "पुन्हा पाड."

"राहू दे आज."

"आजोबा असते तर तुला उतरू दिलं असतं का? पाड."

मी पाडली. चालू केली. पुन्हा पाडली. पाचव्या-सहाव्या वेळी तो आवाज झाला तेव्हा ती म्हणाली, "ह्याच्यासारखा त्या मागच्या बाकावरच्या पोराला जमायचा नाही. तो खर्र जास्त ओढायचा." मग हळूहळू, काचेतून बाहेर बघत, तिने मला सगळं सांगितलं. मी स्टिअरिंगवरून हात काढले नाहीत, मान वळवली नाही. वाहन चालवणाऱ्याशी बोलताना समोर बघता येतं, ही सोय आमच्या दोघींच्या कामी आली.

त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो. ती सक्त मास्तरीण निघाली. "आरसा." "हात खाली." "आत्या, तू पुस्तक वाचत नाहीयेस, रस्ता आहे, जरा लवकर पान उलट." जेवताना मला हसू यायचं, आणि हसताना बाबा नाहीत हे पुन्हा आठवायचं. आता दोन्ही एकत्र आलं तरी चालत होतं.

मग एकदा चौकात, दिवा हिरवा झाल्यावर, गाडी बंद पडली. मागे ट्रक. ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. माझे हातपाय खरंच गळाले. भाचीने काच खाली केली, अर्धी बाहेर झुकली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "काका, शिकतोय आम्ही! तुम्ही काय आईच्या पोटातून ट्रक घेऊन आलात?"

ट्रकवाला हसला. हॉर्न थांबला. मी क्लच दाबला, गाडी चालू केली आणि चौक ओलांडला. पलीकडे गेल्यावर मी म्हटलं, "हे बाबांचं वाक्य."

"हो," ती म्हणाली. "पण आवाज माझा होता ना?"

"तुझाच होता."

खूप पुढे गेल्यावर तिने विचारलं, "तोंडी परीक्षेला विषय आपणच निवडायचा असतो का?"

"आपणच."

"मग मी दुसरा ब्रेक कसा जोडलेला असतो, ते सांगते. त्यांच्यातल्या कुणालाच माहीत नसणार."

परीक्षेच्या दिवशी गाडी मीच नेली. शाळेच्या फाटकासमोर, झाडाखाली लावली. ती उतरली, दार लावलं, मग खिडकीशी परत आली.

"तू आत येऊ नकोस."

"नाही येत."

"इथेच बस. पण ह्या बाजूला, माझ्या जागी." फाटकाकडे वळता वळता म्हणाली, "चपला काढून."

ती फाटकातून आत गेली. मी सीट बदलली, चपला काढल्या आणि मांडी घालून बसले. सीट बाबांच्या वजनाने एका बाजूला खचलेली होती. माझा उजवा पाय सारखा खाली जाऊ बघत होता. मी तो हाताने धरून ठेवला. आता वर्गात तिला कुणी काय विचारत असेल, ती कुठल्या वाक्यात असेल, ह्यातलं काहीही माझ्या पायाखाली नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती आली. चालण्यावरून काही कळेना. खिडकीत वाकली.

"बंद पडले," ती म्हणाली.

माझा हात अजून पायावरच होता.

"अगदी सुरुवातीलाच. तिघं माझ्याकडे बघत होते. मग मी खिडकीतून बाहेर बघितलं. तू बसली होतीस. अगदी तशीच."

"मग?"

"मग काय. पुन्हा चालू केलं." आता तिचा चेहरा सैल झाला. "भाषेच्या बाईंनी तर प्रश्नावर प्रश्न विचारले. शेवटी म्हणाल्या, पुढच्या वर्गाची पुस्तकं घेऊन टाक."

मी डोळे मिटून घेतले. छातीत इतके दिवस अडकलेला श्वास बाहेर पडला, आणि त्यात तिच्यासाठीचा किती आणि बाबांसाठीचा किती, हे मला वेगळं करता आलं नाही.

"चल ना आता," ती म्हणाली. "आईला सांगायचंय."

"थांब जरा. पायांना मुंग्या आल्यात. उठताच येत नाहीये."

"आजोबांना कधी नाही आल्या."

"आल्या असतील. ते सांगायचे थोडीच."

ती हसली. मग चालकाच्या बाजूला गेली, उघड्या खिडकीतून हात आत घातला आणि मला घाई करायला हॉर्न दाबला. दाबला तो सोडलाच नाही. फाटकावरचा पहारेकरी वळून बघायला लागला. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा. मी तिला थांब म्हटलं नाही.