पुढचा ब्रेक

तिने मोटरसायकलचं हँडल डावीकडे शेवटपर्यंत वळवलं आणि ब्रेकचा पाइप तारेसारखा ताणला गेला. पाइपाला फोर्कवर धरून ठेवणारी क्लिपसुद्धा वडिलांनी काढून टाकली होती. तेवढीच दोन बोटं ढील मिळावी म्हणून.

"असं चालवताय? आठ दिवस?"

"सरळ रस्त्यावर कुठे ताणतो?" दाराशी बसलेले वडील म्हणाले.

"आणि वळणावर काय करता? उतरून गाडी उचलून फिरवता?"

आत आई खुदकन हसली. रोज सकाळी ती याच गाडीवर मागे बसून कामाला जायची. तिचं हसू ऐकून मुलीचं डोकं आणखीच फिरलं.

"तू हसू नकोस. मागे तूच बसतेस."

कंबर दुखते म्हणून वडिलांनी उंच हँडल बसवून घेतलं होतं. त्याला लागणारा लांब पाइप कंपनीकडून मागवायचा तर हँडलपेक्षा महाग, म्हणून जुनाच ओढूनताणून लावला. पोटची मुलगी पाइपांच्या वर्कशॉपमध्ये काम करते, हवा तो पाइप हव्या त्या लांबीचा करून देते, आणि या गृहस्थांनी तिच्यापाशी तोंड उघडलं नाही. खरा राग त्याचा होता.

पुढचं चाक जमिनीवरून उचलून, हँडल आधी या टोकाला मग त्या टोकाला नेऊन तिने सुतळीने मोजलं. जास्त भरलेलं माप घेऊन ती तडक वर्कशॉपला गेली. ब्रेकसाठीचाच जाळीदार पाइप कापला, दोन्ही टोकं प्रेस केली, दाबाच्या मशीनवर चढवून थेंबही गळत नाही हे पाहिलं. तांब्याचे वॉशर नवे घेतले. दुपारच्या आत ती परत आली.

"एवढ्या स्वस्तात होतं होय?"

"विचारलं असतं तर कळलं असतं."

"विचारलं असतं तर भाषण ऐकावं लागलं असतं."

"ते तसंही ऐकताय."

पाइप बसला. हँडल कुठेही वळवलं तरी ओढ येत नव्हती. आता पाइपातली हवा तेवढी काढायची राहिली. ती चाकापाशी पाना घेऊन उकिडवी बसली.

"लिव्हर चार वेळा दाबा, मग दाबून धरा. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. सोडलं की हवा परत आत जाते."

"मला शिकव. तुझ्या जन्माआधीपासून गाडी चालवतोय."

"दाबा. दाबा. धरा."

तिने चाकाजवळचं हवा सोडायचं निपल सैल केलं. त्याला लावलेल्या पारदर्शक नळीत चार बुडबुडे आले आणि लगेच तेल उलटं आत खेचलं गेलं.

"सोडलंत!"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने पाना फरशीवर आपटला.

"बाबा, धरा म्हणजे धरा! शेंबड्या पोराला जमेल एवढं साधं..."

वर बघताच ती थांबली. वडिलांनी उजव्या हाताची बोटं लिव्हरवर ठेवली होती आणि त्यांच्यावर डावा हात आवळला होता. तो निसटला, तशी उजवी बोटं आपोआप उघडली.

दुखणं कंबरेचं नव्हतंच. उंच हँडलमुळे हातावर भार येत नव्हता.

"कधीपासून?"

"थंडीपासून." त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज उतरवला. "पुढचा ब्रेक मी वापरतच नाही गं. पायाचा पुरतो. आईला सांगू नकोस."

ती उठली. एका हाताने लिव्हर दाबून धरली, वाकून दुसऱ्या हाताने पाना फिरवला. गाल टाकीला घासत होता. बुडबुडे संपेपर्यंत तिने तेच पुन्हा पुन्हा केलं. लिव्हर दगडासारखी कडक झाली तेव्हा तिने गाडीची चावी काढून घेतली.

आई हात पुसत बाहेर आली. "संपलं का भांडण?"

"नाही. चक्कर मारून बघायचीय. बाबा, मागे बसा."

"मागे?"

"मागे."

ती पुढे बसली, मागे वडील चढले. पाय टेकायला जागा शोधत त्यांची चप्पल हवेत फिरत राहिली. इतक्या वर्षांत ते मागे कधी बसलेच नव्हते. आईने वाकून त्यांच्यासाठी पायदाणी उघडली. मग त्यांचा उजवा हात उचलला आणि एकेक बोट सरळ करून मुलीच्या खांद्यावर नीट बसवलं, रोजचं काम असावं तसं.

मुलीने वळून आईकडे पाहिलं. आई पायदाणीकडेच बघत होती.