शंभर ठिकाणं

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तुमच्या पुस्तकात मला सूक्ष्मदर्शक म्हणतात, पण डोणगावकडच्या आमच्या लहानशा दवाखान्यात सगळे दुर्बीणच म्हणत. माझा जन्म अंबाल्याच्या कारखान्यातला. पायाशी एक गोल आरसा. वीज गेली तरी माझे अडत नसे. खिडकीतले ऊन आरशात घेतले की माझे डोळे उघडत. तपासणी करणारे शालिग्रामभाऊ मला जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने पुसत आणि म्हणत, "हिच्यावाचून माहं पान हालत नाही."

१९९७ च्या भाद्रपदात अन्नपूर्णा आली. वय सव्वीस, कडेवर मुलगी, सोबत सासू. एच.आय.व्ही.ने नवरा गेला होता आणि तोच आजार तिच्याही रक्तात होता. मानेला लिंबाएवढी गाठ. सासूने, गोजरबाईने, गाठीवर बिब्बा घातला होता. गाठ तशीच राहिली, कातडी मात्र भाजली. गाव म्हणे, "नवऱ्याले बी अशीच आली होती. आता काय पाह्यता?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आजार आहे म्हणून प्रत्येक गाठ त्याचीच नसते. क्षयाची असली तर औषधाने बरी होईल. पाहिल्याशिवाय कसे कळणार?"

भाजलेली जागा टाळून त्यांनी सुईने गाठीतला थेंब काढला. भाऊंनी तो काचेवर पसरला, रंगवला आणि माझ्याखाली ठेवला. क्षयाचे जंतू असले, तर निळ्यावर लाल काड्या दिसतात. नियम असा, की काचेवर शंभर ठिकाणी पाहिल्याशिवाय 'नाहीत' लिहायचे नाही.

तीस ठिकाणे झाली. काही नाही. तेवढ्यात आभाळ आले, माझा आरसा मंदावला. भाऊ उठले. "नसतील, आजी."

"किती जागा पाह्यल्या?" गोजरबाईने विचारले.

"तीस."

"अन् पाहाच्या किती?"

"शंभर."

"मंग उठून काऊन राह्यला बे? तीस ओळी निंदून वावर झालं म्हणणारी बाई मी बांधावरूनच वापस धाडली असती!" मग तिचा आवाज उतरला. "माह्या लेकाच्या गाठीले कोनी सुईच लावली नाही, बापू. इची तरी सारी पाह्य."

भाऊ पुन्हा माझ्यासमोर बसले. ढग सरला. मी एकेक जागा दाखवत गेले. साठ. ऐंशी. सत्त्याऐंशीव्या जागी दोन लाल काड्या!

"हायेत!" भाऊ हसतच ओरडले.

अन्नपूर्णा घाबरली. "जंतू निंघाले, तं हासता काऊन?"

"याले औषध हाये, बाई. म्हणून!"

गोजरबाई पदरात तोंड घालून रडली.

अन्नपूर्णाने महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या आणि गाठ विरली. पुढे एच.आय.व्ही.ची औषधेही सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागली. ती तिने कधी चुकवली नाहीत. मुलीच्या लग्नात तिनेच पंगत वाढली. गोजरबाई त्या पंगतीत दोनदा बुंदी मागून जेवली आणि दोन वर्षांनी झोपेतच गेली. डॉक्टरीणबाईंची बदली झाली. शालिग्रामभाऊंनी मात्र त्या दिवसापासून माझ्याशेजारी तुरीच्या शंभर दाण्यांची वाटी ठेवली. एक जागा पाहिली की एक दाणा बाजूला. निवृत्त होताना ती वाटी त्यांनी आपल्या जागी आलेल्या बाईंच्या हाती दिली.

मी आता कपाटात आहे. भिंगावर बुरशी चढली आहे, पण तक्रार नाही. एवढेच मागणे, मित्रांनो: मला कधीतरी मऊ फडक्याने पुसा. आणि आजारी माणसाकडे पाहाल, तेव्हा तिसाव्या जागी उठू नका.